पिचरचे पाय पाळण्यात दिसत नाहीत

फेब्रुवारी संपत आला की आमच्या फँटसी बेसबॉलच्या (ड्राफ्टमधे खरे खेळाडू निवडून आपली टीम बनवायची आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर जिंकायचं-हरायचं) ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, कुणी लिहिलाय देव जाणे, पण यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, एक बे एरियातला, एक जर्सीतला आणि एक तर पुण्यातल्या पोरांचा, जी पहाटे उठून मॅच बघतात, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. मेसेजची सुरुवातच अशी आहे: "मुलाचे पाय पाळण्यात आणि पिचरचा हात स्प्रिंग ट्रेनिंगमधे दिसतो." पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर आणि स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅच. खाली सहा नियम. स्प्रिंगमधे ईआरए (पिचरने दिलेल्या रनची सरासरी) दोनच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. सातच्या वर असेल तर यादीतून उडवा. स्पीड वाढलाय म्हणजे यंदा ब्रेकआउट, एकदम चमकणार. नवीन पिच (बॉल टाकायचा नवा प्रकार) शिकलाय म्हणजे पण ब्रेकआउट. आठवडाभर बॉक्स स्कोअरमधे (मॅचच्या स्कोअरकार्डात) दिसला नाही म्हणजे टीम दुखापत लपवतेय. आणि ओपनिंग डेच्या (सीझनच्या पहिल्या दिवसाच्या) टीममधे नाव नाही म्हणजे यंदा वाया गेला.

मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. एमएलबी ही इथली सर्वात वरची बेसबॉल लीग, तिच्या ३० पैकी १५ टीम फेब्रुवारी-मार्चमधे इथेच आसपास मुक्कामाला असतात, त्याला कॅक्टस लीग म्हणतात, उरलेल्या १५ फ्लोरिडात, ती ग्रेपफ्रूट लीग. दर मार्चमधे मी सात-आठ मॅच तरी बघतो, तेही आउटफिल्डमागच्या गवतावर चादर टाकून, कारण ते तिकीट स्वस्त. मी काही स्काउट नाही, पण हा मेसेज लिहिणारा एकदाही त्या गवतावर बसलेला नाही एवढं मी पैजेवर सांगतो.

ईआरएचंच आधी घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरने किती रन दिले, फील्डरच्या चुकीचे सोडून. आता स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारा पिचर) अख्ख्या स्प्रिंगमधे टाकतो किती? सुरुवातीला एक-दोन इनिंग, मग तीन, मग चार, शेवटी पाच-सहा, सगळं मिळून पंधरा-वीस इनिंग झाल्या तरी खूप, बऱ्याच जणांच्या तेवढ्याही होत नाहीत. समजा एकाने १२ इनिंगमधे २ रन दिले, ईआरए झाला १.५०, मेसेजवाला म्हणणार डोळे झाकून घ्या. आता त्याच पिचरचा एक बॉल, दोन माणसं बेसवर असताना, वाऱ्यावर तरंगत कुंपणाच्या पलीकडे पडला असं धरा. २ चे ५ रन झाले आणि ईआरए ३.७५. माणूस तोच, हात तोच, बाकीचे सगळे बॉल तेच, फक्त एक फटका आणि वारा, आणि आपण त्याच्यावर तिसऱ्या राउंडचा पिक लावायचा की नाही हे ठरवणार! त्यात इथली हवा कोरडी, बॉल लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल फ्लोरिडाइतका वळत नाही, त्यामुळे अ‍ॅरिझोनातला चारचा ईआरए आणि तिकडचा चारचा हे सारखे धरायचेच नाहीत.

आणि समोर बॅटिंग कोण करतंय ते तर कुणी बघतच नाही. बाहेरगावी मॅच असली की मोठे खेळाडू बसमधे बसायला नाखूष असतात, नियमाप्रमाणे निदान चार रेग्युलर खेळाडू न्यायला लागतात पण तो नियमही बराच ताणला जातो, मग उरलेल्या जागा मायनर लीगच्या (एमएलबीखालच्या लीगच्या) पोरांनी भरतात. मागे टेम्पीला एका मॅचला चौथ्या इनिंगमधेच पाठीवर ८७, ९१, ९४ असे नंबर यायला लागले, जर्सीवर नाव पण नाही, शेजारचा म्हातारा रोस्टरचा कागद घेऊन नाव शोधतोय आणि सापडत नाहीये. त्या पोरांना आउट करून कमावलेला १.५० काय आणि फ्रीमन-बेट्ससारख्या स्टार बॅटरना टाकून कमावलेला ४ काय! बेसबॉल रेफरन्सवर स्प्रिंगच्या आकड्यांशेजारी समोरच्या खेळाडूंच्या दर्जाचा एक कॉलम असतो, १० म्हणजे एमएलबी, ८ म्हणजे ट्रिपल-ए, मायनर लीगची सर्वात वरची पायरी, ७ म्हणजे त्याखालची डबल-ए. ईआरए बघायचाच असेल तर आधी तो कॉलम बघा, मग बोला. आणखी एक, स्प्रिंगमधे पिचरचे बॉल जास्त व्हायला लागले की मॅनेजर त्याला इनिंगच्या मधेच काढतो आणि पुढच्या इनिंगला परत आणतो. खऱ्या मॅचमधे असं चालेल का? हे तिकीट लावलेलं नेट आहे हो, दुसरं काही नाही.

त्यामुळे दुसरा नियम, सातच्या वर तर उडवा, तो तर पहिल्यापेक्षा घातक. पहिल्या नियमाने फार तर एक फालतू पिचर गळ्यात पडतो, दुसऱ्याने हातातलं सोनं जातं. मुरलेला स्टार्टर मार्चमधे मॅच जिंकायला येतच नाही. एखाद दिवशी तो ठरवून फक्त चेंजअप (स्लोअर बॉल) टाकणार, एखाद दिवशी फक्त फास्टबॉल आतल्या कोपऱ्यात, मार पडला तर पडला. आपल्याकडे नेटमधे बोलर तासभर नुसता स्लोअर घोटवत असेल आणि त्याला कोणी सिक्स मारली तर आपण त्याला टीममधून काढतो का?

२०१४ च्या मार्चमधे डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉचा ईआरए नऊच्या वर होता. त्या वर्षीच्या सीझनची सुरुवात अमेरिकेत नाही तर सिडनी क्रिकेट ग्राउंडवर झाली, हो, तेच ते एससीजी, आणि तिथे डायमंडबॅक्सविरुद्ध डॉजर्सकडून बॉल कर्शॉच्याच हातात होता, त्याने सातव्या इनिंगपर्यंत टाकून एकच रन दिला. नंतर दुखापतीमुळे एप्रिल बाहेर बसला, तरी सीझनअखेर २१ विजय, ३ पराभव, ईआरए १.७७, साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) पण त्याला आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचं) पण त्यालाच. २०१८ ला शोहेई ओतानी जपानहून एंजल्सकडे आला तेव्हा तर विचारूच नका, कॅक्टस लीगच्या दोन मॅचमधे मिळून तीन इनिंगसुद्धा पूर्ण झाल्या नाहीत आणि ईआरए २७.००. बॅटिंगही .१२५. लोक म्हणाले याला मायनर लीगला पाठवा. आणि हे सांगताना माझंच नाक कापलं जातंय पण सांगतो, त्या वर्षी मी पण त्याला ड्राफ्टमधे सोडला होता, शहाणपणाने. ८ एप्रिलला त्याने ओकलंडविरुद्ध सातव्या इनिंगपर्यंत एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, १२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), मी ऑफिसच्या कामाच्या नावाखाली लॅपटॉप उघडून बघत होतो आणि बायको म्हणाली चेहरा का पडलाय. वर्षअखेरीला रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, तोच.

इथे कोणीतरी गॅरिट कोल काढणार, म्हणून आधीच बोलतो. २०२५ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात यांकीजच्या कोलला ट्विन्सने धुतलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याची टॉमी जॉन सर्जरी (कोपरातला लिगामेंट बदलायची) झाली, अख्खा सीझन गेला. मग मार पडला तेच लक्षण होतं ना? नाही. त्या आठवड्यात मार खाल्लेले डझनभर पिचर पुढे ठणठणीत खेळले. लक्षण होतं ते मॅचनंतर कोपर दुखतंय ही बातमी. २०२४ च्या मार्चमधेही याच कोपराने त्याला जूनपर्यंत बाहेर बसवलं होतं. बॉक्स स्कोअरमधे कोपर छापत नाहीत, त्यामुळे बातमी वाचायची. "फोरआर्म टाइटनेस" (कोपराखालचा हात आखडणं) हे दोन शब्द दिसले की माझं बोट आपोआप यादीत त्याच्या पुढच्या नावावर जातं, ईआरए शून्य असो नाहीतर नऊ.

स्पीडचा नियम अर्धा बरोबर आहे, म्हणून तर तो जास्त फसवतो. स्पीड हा पिचरच्या स्वतःच्या हातातला आकडा आहे, समोर ९१ नंबरवाला असला तरी रडार गनला काय फरक पडतो, आणि चार-पाच डझन फास्टबॉल बघितले तरी अंदाज येतो. पण तुलना कशाशी करताय? हवा तापते तसे हात मोकळे होतात, स्पीड साधारण मार्चमधे कमी आणि उन्हाळ्यात जास्त असतो, म्हणजे मार्चचा आकडा गेल्या सप्टेंबरशी लावून "एक मैल कमी झाला, संपला" म्हणणं चूक. त्याच्याच गेल्या मार्चशी लावा. आणि उलट बाजूनेही फसाल, एकच इनिंग टाकायची असली की कोणीही जीव खाऊन टाकतो, तोच माणूस ९० बॉल टाकायचे म्हटल्यावर दीड-दोन मैल खाली येतो. त्यामुळे २ मार्चचे ताशी ९८ मैल विसरा, २२ मार्चला चौथ्या इनिंगमधे किती आहे ते सांगा.

आणि स्पीड वाढला की ब्रेकआउटच होतो असं कुठे लिहिलंय? २०२४ ला क्लीव्हलंडच्या शेन बीबरचा स्पीड परत आलाय अशी मार्चभर चर्चा, आणि खोटी नव्हती ती, पहिल्या दोन मॅचमधे १२ इनिंग, शून्य रन, २० स्ट्राइकआउट. आणि मग थेट टॉमी जॉन. त्याच वसंतात अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर, नवीन कर्व्हबॉल घेऊन आलेला, बॅटर नुसते हवेत बॅट फिरवत होते, सीझनमधे दोनच मॅच खेळला आणि कोपर गेलं. म्हणजे मेसेजचे तिसरा आणि चौथा, दोन्ही नियम पाळून तुम्ही एप्रिलच्या मध्याला रिकामे.

नवीन पिचबद्दल फार बोलायची गरज नाही, दर मार्चमधे निम्मे पिचर नवीन पिच शिकलेले असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यातल्या सर्वात फिट अवस्थेत असतात. तो पिच दोन स्ट्राइक झाल्यावर, खऱ्या बॅटरला, न घाबरता टाकतोय का एवढंच बघायचं. आणि बदल काही मार्चची वाट बघत नाही. ह्यूस्टनचा हंटर ब्राउन ११ एप्रिल २०२४ ला कॅन्सस सिटीत फक्त दोन आउट काढून ९ रन देऊन बसला, भल्याभल्यांनी त्याला आपल्या फँटसी टीममधून काढून टाकला, मे महिन्यात त्याने सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) टाकायला सुरुवात केली आणि वर्ष संपवलं ३.४९ वर. कुठल्या स्प्रिंगमधे दिसलं असतं हे?

पाचवा, दिसला नाही म्हणजे दुखापत. हे वाचून मला हसू आलं. एनएल वेस्ट या गटातल्या पाचही टीम, डॉजर्स, जायंट्स, पाड्रेस, डायमंडबॅक्स, रॉकीज, सगळ्या इथे अ‍ॅरिझोनातच असतात. ज्यांच्याशी वर्षभर तेरा-तेरा मॅच खेळायच्या त्यांना आपला हुकमी पिचर मार्चमधेच कशाला दाखवायचा? मग त्याची पाळी नेमकी त्या टीमविरुद्ध आली की त्याला मागच्या मैदानावर नेतात, तिथे मायनर लीगची पोरं बॅटिंगला, पंधरा-वीस प्रेक्षक, त्यात निम्मे स्काउट, कोच मांडीवर टॅबलेट घेऊन बसलेला, आणि ठरलेले ७५ बॉल झाले की पिचर टोपी काढून चालू पडतो, मग इनिंग संपलेली असो नसो. बॉक्स स्कोअरमधे यातलं काहीही येत नाही. टीमच्या बीट रिपोर्टरला (रोज त्याच टीमबद्दल लिहिणाऱ्या पत्रकाराला) फॉलो करा, तो लिहितो आज अमुक इतके बॉल टाकले.

आणि हे किती बॉल टाकले, हाच माझ्या मते मार्चमधला सर्वात कामाचा आकडा आहे आणि मेसेजमधे तो कुठेच नाही. ३०, ४५, ६०, ७५, ९० अशी चढण नीट चालली असेल तर एप्रिलमधे तो सहा इनिंग टाकेल. शेवटच्या आठवड्यातही ५० वरच अडकलाय तर पहिले दोन-तीन स्टार्ट चार इनिंगचे होणार, पाच पूर्ण केल्याशिवाय स्टार्टरला विजय मिळत नाही, क्वालिटी स्टार्टला (फँटसीत मोजला जाणारा आणखी एक आकडा) तर सहा लागतात, म्हणजे या दोन्ही कॅटेगरीत तुम्हाला भोपळा. त्याच्या जोडीला स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) बघायचे, ईआरएपेक्षा हे दोन खूपच प्रामाणिक, कारण त्यात वारा नाही, फील्डर नाही. २०२४ चा गॅरेट क्रोशे आठवा. व्हाइट सॉक्सचा रिलीफ पिचर (स्टार्टरनंतर येणारा), एमएलबीत तोपर्यंत एकही मॅच स्टार्ट केलेली नाही, स्प्रिंगमधे स्ट्राइकआउट भरपूर आणि वॉक जवळजवळ नाहीतच, त्यात टीमने त्याला सरळ ओपनिंग डेचा स्टार्टर केला. १४६ इनिंगमधे २०९ स्ट्राइकआउट काढले त्याने त्या वर्षी. म्हणजे स्प्रिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणतच नाहीये, चुकीचा कॉलम वाचताय एवढंच म्हणतोय.

सहावा नियम एका नावात संपतो, पॉल स्कीन्स. मार्च २०२४ मधे पायरेट्सने त्याला इंडियानापोलिसला ट्रिपल-एमधे पाठवला, शंभर मैलांचा फास्टबॉल असून. ११ मेला तो वर आला, २३ स्टार्ट, ईआरए १.९६, रुकी ऑफ द इयर. टीम कोणाला खाली ठेवते यात इनिंग वाचवणं असतं, सर्व्हिस टाइमचा (एमएलबीत काढलेल्या दिवसांचा) पैशांचा हिशोब असतो, नुसता दर्जा नसतो. हां, तुमच्या लीगमधे बेंचवर तीनच जागा असतील तर दीड महिना एक जागा अडवून ठेवणं परवडत नाही, ते मान्य, तिथे मी पण सोडला असता.

बाकी आपले लोक अजून एक सातवा नियम पाळतात जो मेसेजमधे नाही, नाव ओळखीचं वाटलं की घ्या. टेक्सासचा कुमार रॉकर, आईकडून भारतीय, आमच्या लीगमधे दोन वर्षं त्याच्यासाठी मारामारी चालू आहे. त्यावर प्रतिवाद करायची माझी हिंमत नाही कारण पहिली बोली मीच लावतो.

आमचा ड्राफ्ट मी मुद्दाम ओपनिंग डेच्या आधीच्या रविवारी ढकललाय. त्याआधी शनिवारी सकाळी पियोरियाला मागच्या मैदानांवर जाणार आहे, पाड्रेस आणि मरिनर्स दोघेही तिथेच असतात. चँडलर-गिल्बर्टकडून कोणी येणार असेल तर सांगा, गाडीत तीन जागा आहेत. पोहे मी आणतो, सनस्क्रीन आपापलं आणा.