इथून फाडा

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त मान कात्रीला आहे. सकाळच्या दुधाच्या पिशवीपासून रात्रीच्या चूर्णाच्या पाकिटापर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही, आणि म्हणूनच ती कधीही जागेवर नसते. एक कात्री ओट्यावर असते, एक फ्रिजवर, एक चक्क बाथरूममध्ये (तिचं कारण पुढे येईल) आणि एक माझ्या टेबलाच्या खणात, जी मी कुणाला दाखवत नाही. तरी दिवसभर घरात एकच आरोळी ऐकू येते, "अरे, कात्री कुठंय?"

आमच्या लहानपणी घरात कात्री एकच होती आणि ती शिवणाच्या मशीनच्या खणात असायची. तिनं कागद कापला तर पाठीत धपाटा बसायचा, कारण धार जाते. खायच्या वस्तूचा आणि कात्रीचा संबंध काय, हे तेव्हा कुणाला सांगूनही कळलं नसतं.

वाणी पुडी बांधायचा. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा घेऊन तो बोटांवर फिरवला की त्याचा शंकू व्हायचा. त्यात तराजूच्या पारड्यातून साखर ओतायची, वरची टोकं दोन दुमडींत आत खोचायची आणि छताला टांगलेल्या रिळातून खाली आलेला दोरा दोन वेढे देऊन बोटाच्या एका हिसक्यानं तोडायचा. हे सगळं करताना त्याचं लक्ष दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या उधारीकडे असायचं. आपण घरी येऊन दोऱ्याचं एक टोक ओढलं की पुडी सुटली. म्हणजे सगळं कसब बांधणाऱ्याकडे होतं. सोडायला अक्कल लागत नव्हती. आता बांधायचं काम यंत्र डुलक्या काढत करतं आणि कसब आमच्या गळ्यात आलं आहे.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र मी म्हणणार नाही. पावसात पुडी भिजली की साखर दुकानापासून घरापर्यंत रस्ता दाखवत यायची. हिंगाचा वास चहापत्तीला लागायचा. आणि त्या कागदावरची शाई पोटात जाते म्हणून अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खायचं काही बांधून द्यायला मनाई केली, ते योग्यच झालं. वडापाव खाऊन झाल्यावर कागदावरचा अग्रलेख पावाच्या बुडाशी उलटा छापलेला मी स्वतः वाचलेला आहे. पण वाचता तरी येत होता!

आजच्या पाकिटावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवावं. २०११ च्या वजनमापांच्या नियमांत पाकिटावरच्या अक्षराची उंची निदान १ मिलिमीटर हवी असं म्हटलं होतं. हा १ मिलिमीटर ज्यानं ठरवला त्याला चाळिशी लागलेली नसावी. शिवाय त्या पाकिटावर एक मजकूर असतो: 'उत्पादनाची तारीख आणि किंमत यासाठी पाकिटाची वरची कड पाहा.' वरची कड म्हणजे जी आपण आत्ताच कापून कचऱ्यात टाकली ती. मग ओल्या कचऱ्यात हात घालून, चहाच्या चोथ्याखालून ती पट्टी शोधायची, धुवायची, उजेडात धरायची आणि कळतं काय, तर अर्धी तारीख पाकिटावरच राहिली आहे. आमच्याकडे एका रव्याच्या पाकिटाची मुदत नुसती 'मार्च' अशी आहे. कुठल्या सालचा मार्च, ते कचऱ्याच्या गाडीला माहीत.

बरं, 'इथून फाडा' असा बाण जिथे असतो तिथून पाकीट फाटतं, असं मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बाणाशेजारी ती बारीकशी खाच असते. चिमटीत धरून ओढली की वरचा चकचकीत पापुद्रा निघतो आणि आतला जसाच्या तसा हसत राहतो. आणखी जोर लावला की पाकीट एकदम शरणागती पत्करतं, पण आडवं नाही, उभं, थेट बुडापर्यंत. डाळ ओट्यावर, ओट्याखाली, आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडावी म्हणून थोडी गॅसच्या मागे.

आता बाथरूममधल्या कात्रीबद्दल. पूर्वी आमच्या घरी केसांना शिकेकाई असायची. शाम्पू हा बाटलीतून मिळणारा श्रीमंतांचा प्रकार होता. १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या कडलूरहून 'वेल्व्हेट' आणि 'चिक' या शाम्पूंच्या पुड्या निघाल्या आणि सुट्ट्या पैशांत शाम्पू गावोगावच्या पानटपरीवर माळेसारखा लोंबू लागला. फार हुशार कल्पना. फक्त एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, की माणूस शाम्पू वापरतो तेव्हा तो ओला असतो. डोक्यावर पाणी ओतलंय, डोळे मिटलेत, हात गुळगुळीत, आणि त्या हातात त्याहून गुळगुळीत पुडी. खाच शोधायला बोट फिरवावं तर चारही बाजूंना सारख्याच कंगोऱ्याच्या कडा. शेवटी माणूस दात लावतो. पुडी उघडते, पण पहिला हप्ता जिभेवर येतो. सफरचंदाचं चित्र असलेला शाम्पू सफरचंदासारखा लागत नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. तेव्हापासून बाथरूमच्या खिडकीत कात्री आहे आणि पाहुण्यांना तिच्याबद्दल विचारायचा धीर होत नाही.

औषधांचं प्रकरण याहून गहन आहे. पूर्वी डॉक्टरकडे जाताना बाटली आपलीच न्यायची. कंपाउंडर तीत गुलाबी किंवा पिवळं मिश्रण भरायचा आणि बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. औषध कडू असलं तरी हिशेब साधा होता. आता आमची आई ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला बोटांच्या सांधेदुखीवर गोळी आहे. ती गोळी दोन्ही बाजूंनी जाड अॅल्युमिनियमच्या पाकिटात असते. ती बाहेर काढायला दोन्ही अंगठे धडधाकट लागतात. म्हणजे गोळी ज्याला घेता येईल त्याला तिची गरज नाही! आई ते पाकीट माझ्यापुढे धरते, मी जोर लावतो, गोळी सुटते ती थेट सोफ्याखाली. "गेली का?" आई विचारते. तिला ऐकू कमी येतं, पण तो 'टक्' आवाज बरोबर ऐकू येतो. त्यात औषधवाल्यानं स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या असतील, तर मुदतीची तारीख राहिलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहते.

न्यू जर्सीचा मेहुणा दर खेपेला व्हिटॅमिनच्या गोळ्यांची भली मोठी बाटली आणतो. तिचं झाकण दाबून फिरवायचं असतं. मी दाबतो तेव्हा फिरत नाही आणि फिरवतो तेव्हा ते नुसतं टकटक करतं. मेहुण्यानं खुलासा केला, की मुलांनी चुकून गोळ्या खाऊ नयेत म्हणून अमेरिकेत १९७० साली कायदा झाला आणि तेव्हापासून अशा झाकणांची रीतसर परीक्षा होते. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती बाटली देतात. पहिल्या पाच मिनिटांत निदान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग त्यांना उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. तरीही ८० टक्के हरले पाहिजेत. तीच बाटली ५० ते ७० वयाच्या माणसांना देतात आणि त्यांतल्या ९० टक्क्यांना ती उघडता यायला हवी. "मग तुम्ही उरलेल्या दहा टक्क्यांत असाल, भाऊजी," मेहुणा म्हणाला. हे सांगायला तो सातासमुद्रापलीकडून आला होता.

झाकण उघडलं तरी खाली बाटलीच्या तोंडावर चिकटवलेला पापुद्रा असतोच. त्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. १९८२ साली शिकागोत कुणीतरी दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्यांत सायनाइड घातलं आणि सात माणसं गेली. गुन्हेगार सापडला नाही. त्यानंतर, आधी कुणी उघडलं असेल तर कळावं म्हणून, बाटल्यांना सील आली. हे वाचल्यापासून त्या पापुद्र्यावर मी तोंडानं चिडत नाही. नखानं चिडतो.

डबे आणि बाटल्यांची गत निराळी. डालड्याचा पिवळा डबा, वर हिरवं ताडाचं झाड. तूप संपल्यावर त्याचा खरा जन्म व्हायचा. आधी त्यात डाळ, मग गंज चढला की खिळे-मोळे, मग बुडाला भोक पाडून तुळस. आणि चाळीत पहाटे तो कुठल्या रांगेत उभा असायचा ते जाणकारांना सांगायला नको. तेलाचा पंधरा किलोचा डबा पत्रेवाल्याकडून कापून, झाकण आणि कडी डाग देऊन बसवून घेतला की वर्षाचे गहू त्यात. आरेच्या दुधाची काचेची बाटली तर आपली नव्हतीच. रिकामी परत केली तरच भरलेली मिळायची. तिचं अॅल्युमिनियमचं टोपण अंगठ्यानं दाबलं की निघायचं. ही एवढीच यंत्रणा होती आणि ती कधी बिघडली नाही.

आता दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतो तो इवलासा तुकडा कुठे जातो, हा संशोधनाचा विषय आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा रिकाम्या दूधपिशवीला पन्नास पैसे परतावा ठरला होता. ते पन्नास पैसे पाहिलेला माणूस आणि बाणाजवळ पाकीट फाटलेला माणूस, दोघांना एकदमच भेटायची इच्छा आहे. तिकडे युरोपात जुलै २०२४ पासून बाटलीचं बूच बाटलीलाच जोडलेलं असावं असा नियम झाला. जर्मनीतला भाचा सांगतो, पाणी पिताना ते बूच दर घोटाला नाकाला लागतं. ऐकून बरं वाटलं. म्हटलं, पुढारलेल्या देशांनाही काहीतरी असू दे.

वेफर्सच्या पाकिटाबद्दल मी लिहिणार नव्हतो, कारण त्यातल्या हवेवर सगळे बोलून चुकले आहेत. ती हवा नव्हे, नायट्रोजन असतो, त्यानं तेल खवट होत नाही, हे मला शेजारच्या दहावीतल्या मुलानं समजावलं. महाबळेश्वरला जाताना घाट चढला की बाहेरचा दाब कमी होऊन तेच पाकीट टम्म फुगतं. वेफर्स तेवढेच असतात. नुसता थाट वाढतो.

आता गेल्या महिन्याचं सांगतो. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी हवी होती. पूर्वी कैऱ्या फोडून झाल्या की बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा, की वर्षभर बघायला नको. बायकोनं बरणी ऑनलाइन मागवली. बरोबर सूचना आली: वस्तू फुटकी निघाल्यास तक्रारीसाठी पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ आवश्यक.

पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात फुगे-फुग्यांचं प्लॅस्टिक, आणि सगळ्यावर खाकी चिकटपट्टी अशी गुंडाळलेली की टोक कुठे सुरू होतं ते गुंडाळणाऱ्यालाही आठवू नये. बायकोनं मोबाइल धरला. मी कात्री घेऊन बसलो.

"अहो, हात मध्ये येतोय. पत्ता दिसू दे."

"हात मध्ये न आणता कापू कसं?"

"बोलू नका, रेकॉर्ड होतंय."

मी न बोलता कापलं. एक थर, दुसरा थर, तिसऱ्या थराला कात्रीच चिकटली. आई आतल्या खोलीतून विचारत होती, "गेली का?" ते तिसऱ्यांदा झालं तेव्हा खोकं उघडलं. बरणी शाबूत होती. झाकणाचे दोन तुकडे.

व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अत्यंत नम्र: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, परंतु व्हिडिओमध्ये सीलबंद पार्सलच्या सहाही बाजू दिसत नसल्यानं आपली तक्रार स्वीकारता येत नाही.

मी ते दोनदा वाचून दाखवलं. बायको शांतपणे माळ्यावरून ते खोकं, प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीचा गोळा घेऊन आली. "असू दे, लागेल," म्हणून तिनं ते ठेवलंच होतं.

"हे घ्या, पुन्हा बांधा," ती म्हणाली. "या वेळी सहाही बाजू घेते."