'भिऊ नको' 365 वेळा? खुलासा

सध्या तो मेसेज परत फिरतोय, बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे, म्हणजे वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक, आणि रोज एक वाचलं की संकट जवळ येत नाही. ऐकायला छान आहे पण खरं नाहीये. कुठल्याही बायबल ॲपमध्ये सर्च मारून बघा, 'घाबरू नका', 'भिऊ नकोस' सगळं धरलं तरी आकडा बराच खाली राहतो. आणि ज्यांनी बहुतेक बायबल लिहिलं त्या यहुद्यांचं साधं वर्षच साधारण 354 दिवसांचं, मग 365 आणायचे कुठून!

दुसरा भाग, रोज वाचलं की संकट येत नाही हा, तर जास्त गडबडीचा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 27 वा अध्याय काढा. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, जहाजावर 276 माणसं, चौदा रात्री वादळ, आणि त्यात देवदूत त्याला सांगतो की भिऊ नको, तुझ्यासोबतचे सगळे वाचतील. वादळ काही थांबत नाही हं, गहू समुद्रात फेकावा लागतो, जहाज वाळूत रुततं, मागचा भाग लाटांनी फुटतो, कोणी पोहत कोणी फळ्या धरून माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. पण सगळे जिवंत. ख्रिस्ती विश्वासातली आशा ही अशी आहे, येशूनेही योहान 16:33 मध्ये शिष्यांना सरळ सांगितलंय की जगात त्रास होणार, तरी धीर धरा.

ज्यांना यशया 41:10 ('भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे' हे वचन) वाचून झोप लागते त्यांनी खुशाल वाचावं, फक्त तो 365 वाला मेसेज पुढे ढकलू नका.