काचबिंदूचा फॉरवर्ड आणि काकांची बाटली

आमच्या वाडीच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय: 'काचबिंदूवर आता दहा मिनिटांचं बिनटाक्याचं ऑपरेशन. गेलेली नजर परत, थेंब कायमचे बंद, कुणालाही चालतं, धोका शून्य.' खाली कुण्या आजोबांचा अनुभव: 'दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलं!' हे वाचून देवगडच्या आमच्या काकांनी थेंब घालणं सोडलं, म्हणून लिहायला बसलो.

ऑपरेशन खोटं नाही. त्याला 'मिग्ज' म्हणतात, म्हणजे कमीत कमी चिरफाडीचं काचबिंदूचं ऑपरेशन. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत) आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून वाहून जातं. पोफळीच्या बागेत पाटाच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी कसं तुंबतं? तशी ही जाळी चोंदली की दाब चढतो. मिग्जमध्ये बारीकशा छेदातून त्या जाळीत टायटॅनियमची जेमतेम एक मिलिमीटरची नळी बसवतात, नाहीतर जाळीच कापून वाट मोकळी करतात. अशी पहिली नळी, आयस्टेंट, अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली.

आता 'गेलेली नजर परत'. साफ खोटं. दाबाने डोळ्यामागच्या नसेचे तंतू मरतात, ते पुन्हा उगवत नाहीत. काकांना डावीकडून येणारी सायकल दिसत नाही. ती कुठल्याच ऑपरेशनने दिसणार नाही. मग आजोबांना लख्ख कसं दिसलं? मिग्ज बहुतेक वेळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबतच करतात. माझी खात्री आहे, ती किमया मोतीबिंदू काढल्याची, आणि श्रेय गेलं नळीला.

थेंब काहींचे सुटतात, पुष्कळांचे नुसते कमी होतात, आणि काही वर्षांनी परत लागूही शकतात. थेंबांचाच कंटाळा असेल तर डॉक्टरांना लेसरबद्दल विचारा. ब्रिटनमधल्या एका चाचणीत (२०१९) नव्याने निदान झालेल्यांना आधी लेसर दिलं, तर सुमारे ७४ टक्के जणांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज नव्हती. पण हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फॉरवर्ड वाचून नव्हे.

'कुणालाही चालतं'? मिग्ज मुख्यतः सुरुवातीच्या आणि मध्यम, उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे (कोन म्हणजे ती जाळी असते तो बुबुळाच्या कडेचा कोपरा). कोन बंद असेल तर पुष्कळदा जाळीपर्यंत पोचणंच मुश्कील, आणि तसे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. आजार फार पुढे गेला असेल, तर १९६८ पासून चालत आलेली टाक्यांची ट्रॅबेक्युलेक्टॉमी (पाण्याला नवी वाट काढून देणारं ऑपरेशन) हीच दाब जास्त उतरवते. तिच्यात धोका जास्त, हे खरं.

आणि धोका शून्य? सायपास नावाची अशीच एक नळी २०१८ साली कंपनीने स्वतःच बाजारातून मागे घेतली, कारण पाच वर्षांत बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी जास्त झडताना दिसल्या.

काकांच्या डोळ्यातला दाब तपासला तेव्हा २८ (पाऱ्याचे मिलिमीटर) निघाला. साधारण १० ते २१ हवा. बाटली पुन्हा सुरू झाली आहे. न उघडलेली दुसरी फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाशेजारी ठेवलीय, आणि काकूने तिच्यावर लाल रबर चढवलंय, चुकून सोलकढीत जाऊ नये म्हणून.