दोन हात, पाच वस्तू आणि एक शेपूट

गावाबाहेरच्या पायवाटेवर कुत्र्याला उजाडायच्या आत फिरवायचं, तर निसर्गाने माणसाला दोनच हात देऊन फार कंजूषी केली आहे, असं माझं ठाम मत आहे. साखळी, टॉर्च, गवत चाळायला काठी, शीची पिशवी आणि फोन. वस्तू पाच. पिशवी जाताना खिशात मावते. येताना ती खिशात ठेवायचा धीर होत नाही.

टॉर्च डोक्याला बांधली की एक हात मोकळा होतो आणि शिवारातले सगळे किडे नाकाशी जमतात. शिवाय पांढऱ्या झोतात वाट दिसते, पण बाजूचं सगळं ठार काळं होतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत उजेडात ती कमाई बुडते. मंद लाल दिवा बरा. कुत्र्याला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणूनच टॉर्च मारली की डोळे चमकतात. मांजराचे चमकतात, कोल्ह्याचे चमकतात आणि गवतात दवबिंदूसारखं बारीक हिरवट काही लुकलुकलं, तर तो बहुधा कोळी असतो. पहाटे चारच्या सुमाराला ही माहिती म्हणावा तितका दिलासा देत नाही.

साखळी दीड ते दोन मीटरची पुरे. फास अंगठ्यात, उरलेली दोरी घड्या घालून मुठीत. तळहाताला वेढे मात्र कधीच घ्यायचे नाहीत. ससा आडवा गेला की कुत्रा निघतो, बोटं वेढ्यात राहतात आणि मोडतात. आपोआप गुंडाळली जाणारी लांब दोरी अंधारात वापरणाऱ्यांबद्दल मला आदरयुक्त भीती वाटते: खांबाच्या एका अंगाने कुत्रा, दुसऱ्या अंगाने मालक. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवावी. दचकलेला कुत्रा पुढे पळत नाही, उलटा मागे सरकतो, आणि सैल पट्ट्यातून डोकं सुटतं. मग आपल्या हाती साखळी आणि पट्टा, कुत्रा गावभर. छातीपट्टा घट्ट बसणारा असेल तर हा धोका कमी.

एवढी तयारी करून निघावं, तर कुत्रा एका दगडापाशी थांबतो. पहाटेची हवा गार, दमट आणि बहुतेकदा स्थिर असते. वास जमिनीलगत रेंगाळतात. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या वीस कोटींच्या वर पेशी, आपल्या नाकात साधारण पन्नास-साठ लाख. तो रात्रीच्या सगळ्या घडामोडी वाचतो, तोवर डास आपल्याला वाचतात.

मग मुख्य कार्य. चेक आणि जर्मन संशोधकांनी २०१३ साली ७० कुत्र्यांच्या १,८९३ शौचविधींची नोंद प्रसिद्ध केली: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर कुत्री उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना विनोदी संशोधनाचं इग नोबेलही मिळालं. पण क्षेत्र दिवसाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यातच शांत असतं, त्यामुळे वाट चुकल्यावर या होकायंत्रावर भिस्त ठेवू नये. शिवाय ते दाबून चालू करता येत नाही.

तो बसला की टॉर्च तिथेच रोखून धरायची. पिशवी शोधायला मान वळवली की डोक्यावरचा झोतही वळतो, आणि परत येईतो ऐवज गवतात विरघळलेला असतो. सापडतो तो नंतर, बुटाला. पिशवीचं तोंड गारठलेल्या कोरड्या बोटांनी उघडत नाही. दवाच्या गवतावर बोटं फिरवून कडा चोळावी, लगेच सुटते. बोटं जिभेला लावायची सवय असेल, तर ती दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवावी. त्यापेक्षा पिशवी घरूनच उघडून न्यावी हे उत्तम, पण इतकं शहाणपण त्या वेळी कुणाला सुचतं?

परतल्यावर दिव्याखाली बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान तपासायचे. कुसळाची दातरी बाजू अशी असते की ते आतच सरकतं, मागे येत नाही. म्हणून आजच काढावं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल नको, काडी पेटवणं तर मुळीच नको. या कामाला कुत्र्याचं डोकं धरायला एक हात, कान उलटायला दुसरा आणि चिमट्याला तिसरा लागतो.