स्टेरिंगच्या डबीत ब्रेक ऑइल ओतण्याआधी

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: पॉवर स्टेरिंगचं तेल गळत असेल तर डबीत 50 मिली ब्रेक ऑइल टाका, सील (तेल अडवणारी रबरी कडी) फुगून गळती आपोआप बंद होते. हे तेल उन्हाळ्यात थोडं उडतंच, टॉपअप करत राहा. मेकॅनिक उगाच ‘रॅक गेला’ (म्हणजे चाकं वळवणारा दांड्याचा भाग) म्हणून हजारो रुपये उकळतात. आणि काहीच नाही जमलं तर स्टेरिंगचा पंप फिरवणारा बेल्ट काढून टाका, साधी स्टेरिंग होते.

मी विदर्भात दिग्रसकडे गॅरेज चालवतो, म्हणजे मेसेजच्या हिशोबात मी लुटणाऱ्यांपैकीच. तरी ऐका.

ब्रेक ऑइलनं रबर फुगतं, हे खरं आहे. या उपायाचं आयुष्य टिकलं ते एवढ्या खरेपणावरच. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याला सोसेल असंच घेतलेलं असतं. स्टेरिंगमध्ये मात्र पेट्रोलियम जातीचं, बऱ्याच गाड्यांत लाल रंगाचं तेल असतं आणि सीलचं रबर त्या तेलाच्या हिशोबानं निवडलेलं असतं. त्यावर ब्रेक ऑइल पडलं की ते फुगतं, आठ-पंधरा दिवस गळती थांबल्यासारखी वाटते, आणि मग फुगलेलं रबर मऊ पडून तुटायला लागतं. शिवाय दोन्ही तेलं नीट मिसळत नाहीत, आणि पंपाला जे वंगण लागतं ते ब्रेक ऑइल देत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक काळीपिवळीवाले भाऊ आले. ‘‘काका, स्टेरिंग लय जड होऊन रायलं, अन् घूं घूं करते.’’ डबीचं झाकण काढलं तर वर फेस, खाली गढूळ गुलाबी पाणी. ब्रेक ऑइल दोनदा ओतून झालं होतं. रॅक उघडला तर सील चिमटीत धरताच पाण्यात पडून राहिलेल्या खोडरबरासारखं दबलं, नखाची खूण तशीच राहिली. परतीचा, म्हणजे तेल डबीत परत आणणारा होज पाइपही आतून चिकट झालेला. सील, पाइप बदलले, सगळी लाइन धुतली. मूळ गळती कुठं होती? त्याच परतीच्या पाइपाच्या क्लिपवर. स्क्रू ढिला झाला होता. नवी क्लिप 50 रुपयांच्या आत येते.

आता ‘उन्हाळ्यात तेल उडतं’ याबद्दल. आपल्या इकडं पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे हे पटकन पटतं. पण ही लाइन बंद असते आणि हे तेल तेवढ्यानं उडत नाही. उलट गरम झालं की पातळी वर चढते, म्हणूनच अनेक डब्यांवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात. पातळी उतरत असेल तर तेल कुठून तरी बाहेर जातंय, आणि ते तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर टपकलं तर पेटूही शकतं. टॉपअप करत दोन महिने काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘रॅक गेला’ म्हणून लुटतात? काही ठिकाणी होतं तसं, आमच्या धंद्याची लाज राखायला मी नाही म्हणणार नाही. पण त्यावर इलाज ब्रेक ऑइल नाही, गळती स्वतः बघणं हा आहे. आधी डबी, पंप, पाइप डिझेलनं किंवा क्लीनरनं धुऊन कोरडे करा. इंजिन थंड असतानाच, आणि डिझेल बेल्टला लागू देऊ नका. खाली पांढरा पुठ्ठा टाका. इंजिन चालू करून कुणाला तरी स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा, टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. टॉर्च मारून बघा. तेल खाली ओघळत जातं, म्हणून सगळ्यात खालचा थेंब फसवतो. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या जाड पाइपावर हात फिरवू नका. त्यात इतका दाब असतो की सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते, आणि ते दवाखान्याचं, तेही तातडीचं काम आहे. तिथं पुठ्ठा फिरवा.

गळती दिसत नाही पण डबीत फेस येतो, आवाज येतो, तर बहुतेकदा डबीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपातून हवा ओढली जाते आहे. क्लिप आणि ओ-रिंग (जोडातली गोल रबरी कडी) बघा. जाड पाइपाच्या जोडावर तांब्याचा वॉशर असेल तर उघडल्यावर नवाच घाला, जुना पुन्हा बसवू नका. आणि परतीच्या लाइनला फवारणी पंपाचा किंवा पाण्याचा पाइप लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. तेल सोसणाराच पाइप पाहिजे.

रॅक खरंच गेला हे कसं ओळखायचं? रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट (दांड्यावरची घड्यांची आवरणं) दाबा. आत तेल डचडचत असेल तर रॅकचं सील गेलं. आपल्याकडं याचं कारण बहुतेकदा पांदणीत असतं. पऱ्हाटीचं धसकट बुटाला टरकावतं, मग पावसाळाभर काळी माती आणि पाणी आत, रॅकच्या दांड्याला गंज, आणि गंजानं खडबडीत झालेला दांडा सील कापत राहतो. इथं कितीही फुगवलेलं रबर टिकणार नाही. दांडा गुळगुळीत असेल तर सील किट पुरतं. गंजाचे खड्डे पडले असतील तरच रॅक बदला. फाटलेला बूट वेळेत बदलला असता तर हे सगळं टळलं असतं, तो फार महाग नसतो.

बेल्ट काढण्याबद्दल: काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर चालतो, काढला की इंजिन तापून बसेल. बेल्ट वेगळा असला तरी स्टेरिंग ‘साधी’ होत नाही, साध्यापेक्षा जड होते, कारण रॅकमधलं तेल तुम्हाला हातांनी ढकलावं लागतं. कापूस भरलेली पिकअप जिनिंगच्या फाटकात वळवून बघा.

मला हा मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी एकाकडं नवी छोटी गाडी आहे, इलेक्ट्रिक स्टेरिंगची. तिच्यात हे तेलच नसतं. त्याला फोन करून विचारलं, बोनेटखाली नेमकी कोणती डबी उघडणार होतास?