‘अभ्यासू वाचक’ यांना उत्तर

नमस्कार. ‘अभ्यासू वाचक’ हे नाव तुम्ही स्वतःच घेतलंय असं धरून चालतो.

झाडात पाणी कसं चढतं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार मुद्दे मांडलेत आणि शेवट असा केलात: ‘केशाकर्षणाने पाणी शेंड्याला पोचत नाही, एवढं कळायला अकरावीचं पुस्तक तरी उघडायचं होतंत.’ (केशाकर्षण म्हणजे बारीक नळीत पाणी आपसूक वर चढणं.)

यातल्या ‘तरी’वर मी दोन दिवस अडकून बसलोय. चूक दाखवा, हरकत नाही. पण ‘तरी’?

त्या पुस्तकाचं म्हणाल तर मी ते १९ वर्षं शिकवलं. तेरड्याच्या खोडाचे ब्लेडने काप काढून काढून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला होता. काप सॅफ्रानिन या लाल रंगात बुडवायचा, धुवायचा, काचपट्टीवर ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जलवाहिन्यांची तोंडं लालभडक दिसतात, बाकी पेशी फिक्या. शेजारी दुसरा तेरडा मुळांसकट लाल रंगाच्या पाण्यात ठेवलेला असे. त्याच्या पारदर्शक खोडातून रेघा चढताना मुलं तास संपला तरी हलत नसत. तुम्ही कधी हे केलंयत की नुसतंच वाचलंयत, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आता गणित. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. ४० मायक्रोमीटर व्यासाच्या जलवाहिनीत केशाकर्षणाने पाणी चढेल फार तर पाऊण मीटर. १०० मीटरच्या रेडवुडचा घोटाही त्यातून ओला व्हायचा नाही. हे मला ठाऊक आहे. पण माझं वाक्य होतं, ‘केशाकर्षणाच्या जोरावर पाणी वर जातं.’ ते जलवाहिनीतलं केशाकर्षण, हे तुम्ही घातलंत. (कुठलं ते मी लिहायला हवं होतं. तेवढं मान्य.)

मला म्हणायचं होतं ते पानातलं. पानातल्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजच्या धाग्यांमधली छिद्रं नॅनोमीटरमध्ये मोजायची असतात. पर्णरंध्रांतून वाफ निघून गेली की त्या छिद्रांतल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो आणि मागच्या पाण्याला ओढ बसते. ५ नॅनोमीटर त्रिज्येचं छिद्र हिशेबाने जवळजवळ ३ किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतं. खालचे रेणू वरच्यांचा हात सोडत नाहीत, म्हणून ती ओढ, म्हणजेच ताण, थेट मुळापर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी डब्लिनमध्ये १८९० च्या दशकात मांडलं ते हेच. त्याच सुमारास बॉनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गरने विष शोषायला लावून खोडातल्या जिवंत पेशी मारल्या, तरी पाणी चढतच राहिलं. म्हणजे खोडात कुणी पंप मारत बसलेलं नाही. मग या सगळ्यात केशाकर्षण नाही कसं? आहे, फक्त तुम्ही शोधलंत त्या जागी नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘ताण’ हा शब्द एकदाही नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

बाकीचे मुद्दे. मूलदाब, म्हणजे मुळांनी पाणी वर ढकलण्याचा दाब: तो सकाळी पानांच्या कडांवर थेंब आणतो, उंच झाड चढवत नाही, आणि मी तसं कुठे म्हटलंही नव्हतं. रसवाहिन्यांतून साखर खालीच नाही, वरही जाते: बरोबर, पण लेख पाण्यावर होता. कॅल्शियम: ते पाण्याबरोबर जलवाहिन्यांतूनच जातं, रसवाहिन्यांतून जवळपास फिरत नाही, म्हणून बाष्पोच्छ्वास (पाण्याची वाफ बाहेर जाणं) कमी असलेल्या टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं. हे मी लेखातून जागेअभावी गाळलं होतं. तुम्हाला ते अज्ञान वाटलं.

मी शिकत होतो तेव्हा एका प्राध्यापकांनी भर वर्गात माझी प्रयोगवही वर धरून म्हटलं होतं, ‘याने पुस्तक उघडलेलं दिसत नाही.’ चूक एका आकृतीत बाणाची दिशा उलटी काढण्याची होती. ती दिशा मी आजही विसरलेलो नाही, पण त्यांच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. तुमचं वाक्य वाचून ते सगळं आठवलं, म्हणून उत्तर लांबलं.

लेखातलं वाक्य आता असं आहे: ‘पानांच्या पेशीभित्तींतल्या केशाकर्षणामुळे निर्माण होणाऱ्या ताणाने पाणी वर ओढलं जातं.’ आधीच्यापेक्षा कानाला कमी बरं लागतं, पण तुमचं समाधान होत असेल तर राहू दे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. फक्त शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःच पुन्हा एकदा वाचून पाहा.