मेक्सिकोने मक्याच्या सिरपवर ‘विष’ म्हणून बंदी घातलीच नव्हती

गेल्या काही महिन्यांपासून एक मेसेज फिरतोय आणि आता तो आमच्या काकांच्या हातीही लागलाय. थोडक्यात तो असा: मेक्सिकोने अमेरिकेचं मक्याचं सिरप (हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे एचएफसीएस) विषारी ठरवून त्यावर बंदी घातली; म्हणून मेक्सिकन कोक शुद्ध उसाच्या साखरेचा असतो; चिडलेल्या अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडून ते सिरप मेक्सिकोच्या घशात उतरवलं; मेक्सिकोची साखर मात्र आपल्या बाजारात येऊ दिली नाही. शेवटी ‘जागे व्हा’ आहेच. काकांना तोंडी समजावून झालं, उपयोग नाही. म्हणून हे लेखी.

सगळ्यात मोठी थाप बंदीची. मेक्सिकोने काय केलं ते तारखांसकट पाहू. 1997 मध्ये अमेरिकी सिरपवर अँटी-डम्पिंग चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी हंगामी शुल्क लागलं आणि जानेवारी 1998 मध्ये ते कायम झालं. अँटी-डम्पिंग शुल्काचा मालाच्या आरोग्यमूल्याशी काडीचा संबंध नसतो. निर्यातदार घरच्या बाजारापेक्षा कमी भावाने माल खपवतो आणि त्याने आपल्या उद्योगाचं नुकसान होतं किंवा होण्याचा धोका आहे, एवढंच त्यात दाखवायचं असतं. शुल्क भरा आणि माल आत आणा. विषावर शुल्क आकारून ते कोणी आत घेत नाही. पुढे जागतिक व्यापार संघटनेत आणि नाफ्टाच्या (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्या मुक्त व्यापार कराराच्या) लवादात ही चौकशी टिकली नाही, आणि 2002 मध्ये शुल्क मागे घेतलं गेलं.

पण त्याआधीच, 1 जानेवारी 2002 पासून, मेक्सिकोच्या संसदेने दुसरा उपाय योजला होता. मेसेजमधली ‘बंदी’ म्हणजे बहुधा हाच. उसाच्या साखरेखेरीज दुसरं कोणतंही गोडवा आणणारं द्रव्य वापरलेल्या शीतपेयांवर 20 टक्के कर. यातली मेख अशी की कर सिरपच्या किमतीवर नव्हता, पेयाच्या किमतीवर होता. पेयाच्या किमतीत सिरपचा वाटा अगदी लहान. म्हणजे सिरपवर चार पैसे वाचवायला जावं तर अख्ख्या बाटलीवर 20 टक्के भुर्दंड. शिवाय सवलत फक्त उसाचीच साखर वापरणाऱ्याला, त्यामुळे अर्धं सिरप-अर्धी साखर असं मिश्रण करूनही सुटका नाही. बाटलीबंद पेयं बनवणारे मुकाट्याने साखरेकडे वळले.

आता ‘विष’वाल्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. हा कर बीटच्या साखरेलाही लागू होता. बीटची साखर रासायनिकदृष्ट्या सुक्रोज, उसाची साखरही सुक्रोजच. शुद्ध केलेले दाणे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणार नाही. मग बीटमध्ये कुठलं विष सापडलं होतं? विष नव्हतंच, ऊस नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. सप्टेंबर 2001 मध्ये मेक्सिको सरकारने कर्जात बुडालेले 27 साखर कारखाने ताब्यात घेतले होते आणि त्यानंतर चार महिन्यांत हा कर आला. कशासाठी ते यावरून समजावं. गंमत म्हणजे मार्च 2002 मध्ये अध्यक्ष फॉक्स यांनीच हा कर काही महिन्यांसाठी स्थगित केला, आणि तो परत आला तो सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती रद्द केल्यामुळे.

बंदी असल्याचा दावा आणखी एका गोष्टीवर आपटतो. हे सिरप फक्त सीमेपलीकडून येत नव्हतं. अमेरिकी कंपन्यांचे कारखाने मेक्सिकोतच होते आणि अमेरिकेतून आणलेल्या पिवळ्या मक्यापासून तिथे सिरप बनवत होते. कराने त्यांचंही गिऱ्हाईक गेलं, आणि त्यांनी नाफ्टाच्या गुंतवणूकदार-संरक्षण कलमाखाली दावे लावून भरपाई मिळवली. एडीएम व टेट अँड लाइल यांना मिळून 3 कोटी 35 लाख डॉलर. अमेरिकेत बनलेलं सिरप मेक्सिकोत आणून विकणाऱ्या कारगिललाही 7 कोटी 73 लाख मिळाले.

‘मेक्सिकोने आरोग्यासाठी लढा दिला’

यावर एकच कागद पुरेसा आहे: जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाचा मार्च 2006 चा निकाल, खटला क्रमांक डीएस308. गॅट, म्हणजे संघटनेच्या मालव्यापाराच्या मूळ कराराच्या कलम 20 मध्ये देशांना पळवाटा दिलेल्या आहेत. उपकलम ‘ब’ मानवी आरोग्याच्या रक्षणासाठी आहे. सिरप विषारी वाटत असतं तर मेक्सिकोच्या वकिलांनी पहिला हात तिथेच घातला असता. त्यांनी ‘ब’चं नावही घेतलं नाही. त्यांनी पुढे केलं उपकलम ‘ड’, म्हणजे कायद्याचं पालन करवून घेण्यासाठी लागणारे उपाय. त्यांचं म्हणणं असं की अमेरिका नाफ्टातलं साखरेचं वचन पाळत नाही, तिला ते पाळायला लावण्यासाठी हा कर आहे. मंडळाने ते फेटाळलं: ‘ड’मधले कायदे आणि नियम म्हणजे देशाचे स्वतःचे, दुसऱ्या देशाची आंतरराष्ट्रीय करारातली बांधीलकी त्यात बसत नाही. अख्ख्या प्रकरणात मेक्सिकोचा बचाव ‘हा साखरेच्या सौद्याचा बदला आहे’ हाच होता. मेसेज लिहिणाऱ्याला मात्र मेक्सिकोपेक्षा मेक्सिकोचं जास्त कळतं.

खरा आरोग्य कर मेक्सिकोने लावला तो 2014 मध्ये, गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो. त्यात साखर उसाची, बीटची की मक्याची, हा भेदच नाही.

आणि ‘घशात उतरवलं’? जागतिक व्यापार संघटनेने कोणाला सिरप विकत घ्यायला सांगितलं नाही. उसाच्या साखरेला एक न्याय आणि तिच्याशी थेट स्पर्धा करणाऱ्या मालाला दुसरा, असा कर चालणार नाही, इतकंच सांगितलं. 2007 च्या सुरुवातीला कर गेला, 2008 पासून दोन्ही बाजूंनी शुल्कमुक्त व्यापार सुरू झाला आणि मेक्सिकोतल्या पेयवाल्यांनी आपखुशीने सिरप घेतलं, कारण ते स्वस्त पडतं.

मेक्सिकन कोक

अमेरिकेत काचेच्या बाटलीत विकला जातो तो उसाच्या साखरेचा. खुद्द मेक्सिकोत साखर आणि सिरप दोन्ही वापरतात. राहिला रसायनाचा भाग. एचएफसीएस-55 मधल्या साखरेत साधारण 55 टक्के फ्रुक्टोज, बाकी मुख्यतः ग्लुकोज. एचएफसीएस-42 मध्ये फ्रुक्टोज 42 टक्के. सुक्रोज फोडलं की मिळतात निम्मे-निम्मे. म्हणजे 42 मध्ये फ्रुक्टोज साखरेपेक्षा कमीच. त्यात कोला भरपूर आम्लयुक्त असतो, आणि आम्लात सुक्रोज आपोआप फुटत जातं. बाटली जितकी जुनी आणि गोदाम जितकं गरम, तितकं जास्त. महिनोन् महिने पडून असलेल्या ‘शुद्ध उसाच्या’ कोलातली बरीचशी साखर पिण्याआधीच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन बसलेली असते. जास्त साखर वाईट, हे कबूल. पण ती कुठल्या पिकाची यावरून ते ठरत नाही.

2023 मध्ये मेक्सिकोने काढलेला मक्याचा आदेशही कोणीतरी यात मिसळलाय. तो जनुकबदल केलेल्या मक्याचा होता, तोर्तिया आणि त्याच्या पिठासाठी. गोडव्याच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही.

‘अमेरिकेने मेक्सिकोची साखर अडवली’

यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. फक्त मेसेजमध्ये ते ज्या कारणाने आलंय ते चूक आहे. नाफ्टात मेक्सिकोला आपली ‘निव्वळ शिल्लक’, म्हणजे उत्पादन वजा खप, अमेरिकेत पाठवता येणार होती. सही झाल्यावर, पण करार लागू होण्याआधी, 1993 च्या नोव्हेंबरमध्ये पूरक पत्रं आली, आणि अमेरिकेच्या मते त्यानुसार खपात साखरेबरोबर सिरपही मोजायचं, वर 2000 नंतर अडीच लाख टनांची मर्यादा. मेक्सिकोला हा अर्थ मान्य नव्हता.

मोजणीने काय होतं ते समजायला काल्पनिक आकडे घेऊ. उत्पादन 50 लाख टन, खप 45 लाख, शिल्लक 5 लाख. आता पेयवाल्यांनी 4 लाख टन अमेरिकी सिरप घेतलं. साखरेचा खप 41 वर आला, गोदामात 9 लाख टन पडली. अमेरिकेच्या सूत्राने मात्र खप 41 अधिक 4, म्हणजे पुन्हा 45, आणि शिल्लक 5 च. म्हणजे सिरपने हुसकावलेली 4 लाख टन साखर ना घरी खपणार, ना बाहेर जाणार. मेक्सिकोने नाफ्टाचा लवाद मागितला, तर अमेरिकेने सदस्यच नेमले नाहीत. मेक्सिकोचा राग खरा होता. त्याने उचललेला दगड मात्र बेकायदा होता.

आज ती साखर जाते, पण मोजूनमापून. 2014 मध्ये अमेरिकी साखर उत्पादकांनी डम्पिंग आणि अनुदानाची तक्रार केली. 40 टक्क्यांवर शुल्क बसण्याची वेळ आली तेव्हा मेक्सिकोने त्याऐवजी डिसेंबर 2014 मध्ये करार पत्करला: किमान भाव, आणि अमेरिकेच्या गरजेनुसार मर्यादा. त्यात 99.5 च्या खालच्या पोलची (पोल म्हणजे साखरेच्या शुद्धतेचं माप) साखर शुद्ध धरली जात नव्हती. त्या फटीतून जेमतेम खालच्या पोलची मेक्सिकन साखर रिफायनरीला वळसा घालून थेट गिऱ्हाइकाकडे जाऊ लागली, आणि अमेरिकी रिफायनऱ्या कच्च्या मालावाचून बसल्या. जून 2017 च्या दुरुस्तीत ती रेषा 99.2 वर आली. निर्यातीत शुद्ध साखरेचा कमाल वाटा 53 वरून 30 टक्क्यांवर उतरला. किमान भाव शुद्ध साखरेला पौंडाला 28 सेंट, बाकीच्या साखरेला 23 झाला. आणि ही बाकीची साखर पोत्यांत नाही, सुटी, समुद्री जहाजातूनच जायला हवी. पोत्यात भरली की पोल कितीही असो, ती शुद्ध साखरेच्या खात्यात.